एटीपी सिंथेज उलटं फिरताना दिसतंय! रेणूंच्या ॲनिमेशनचा वेग कसा ठरवता?

रेणू_पुणे
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात माझा प्री-सिनॉप्सिस सेमिनार आहे. विषय एटीपी सिंथेज, म्हणजे पटलातून प्रोटॉन जाताना फिरणारं आणि एडीपी व फॉस्फेट जोडून एटीपी (पेशीचं इंधन) बनवणारं विकर. रचना बॅसिलस पीएस३ या उष्णताप्रिय जिवाणूतली. काल लॅबमध्ये तालीम केली आणि दोन गोष्टी बिनसल्या.

पहिली: पटलातलं वर्तुळ, म्हणजे सी-रिंग, उलटी फिरते असं तिघांनी सांगितलं. मी दिशा तीनदा तपासली आहे. एटीपी तयार होत असताना पटलाच्या बाजूने बघितलं तर रोटर (रिंग आणि तिला जोडलेला मधला दांडा) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायला हवा, आणि फाइलमध्ये तो तसाच फिरतोय. पडद्यावर मात्र मलाही तो उलटाच दिसला.

दुसरी: क्लिप १२ सेकंदांची आहे. मी प्रोटॉन कुठून आत येतो ते सांगत होते तोवर वर कितीतरी एटीपी तयार होऊन गेले. गाइड म्हणाल्या, "फॉस्फेट कधी जोडला गेला ते मला दिसलंच नाही. तू बोलत एकीकडे होतीस, चित्र पळत होतं दुसरीकडे." त्यांचं बरोबर आहे. चार वर्षं मी या रेणूवर काम केलंय आणि तो लोकांना नीट दिसत नाही याचं फार वाईट वाटलं.

कायमेरा-एक्स या रेणूंच्या चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय, सेकंदाला २४ फ्रेम. तुम्ही असे वेग कसे ठरवता?

स्फटिकवेडा
दर फ्रेमला किती अंश फिरवलंस? आणि पीएस३च्या रिंगमध्ये सी उपघटक (रिंगचे सारखे तुकडे) १०च ना?

रेणू_पुणे
हो, १०. एक फेरी १२ फ्रेममध्ये, म्हणजे दर फ्रेमला ३० अंश. सेकंदाला दोन फेऱ्या होतात.

स्फटिकवेडा
मग सापडलं. तुझी दिशा बरोबर आहे, डोळा फसतोय.

रिंगमध्ये दहा सारखे उपघटक, म्हणजे दर ३६ अंशांनी ती हुबेहूब पहिल्यासारखी दिसते. तू ३० अंश पुढे नेलीस. पण दुसऱ्या फ्रेममध्ये डोळ्याला काय दिसतं? प्रत्येक उपघटकाच्या मूळ जागेपासून फक्त ६ अंश मागे एक तसाच उपघटक उभा आहे. डोळा जवळचा शेजारी धरतो. त्यामुळे त्याच्या लेखी रिंग ३० पुढे गेली नाही, ६ मागे आली. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे १४४ अंश मागे. खऱ्या दोन फेऱ्या पुढे, दिसतात ०.४ फेऱ्या मागे. जुन्या सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तोच प्रकार. बरोबर ३६ अंश दिले असतेस तर रिंग जागेवर उभी दिसली असती.

उपघटकांमधल्या कोनाच्या निम्म्याहून कमी चाल ठेवायची. तुझ्याकडे १८ अंशांच्या आत. मी तर ५-६च्या वर जाणारच नाही. आणि हा आकडा रचनेप्रमाणे बदलतो. गाईच्या मायटोकाँड्रियात रिंग ८ची आहे, पालकाच्या हरितलवकात १४ची. १४ असतील तर दोघांत २६ अंशही नाहीत, म्हणजे मर्यादा १३च्या खाली येते.

कृष्णाकाठ
मी अकरावी-बारावीला शिकवतो, सांगली जिल्ह्यात. आमच्याकडे हे सॉफ्टवेअर नाही, तयार व्हिडिओच दाखवतो. पण हा फसण्याचा प्रकार मुलांच्या बाबतीत मी पाहिलाय. त्यावर एक साधा उपाय करतो, तो सांगतो.

जातं आठवा. वरचा दगड गोल, सगळीकडून सारखा. तो फिरतोय आणि कुठल्या बाजूला फिरतोय हे लांबून कशावरून कळतं? खुंट्यावरून. खुंटा नसेल तर दळण चालू आहे की बंद हे पीठ बघूनच सांगावं लागेल. तुमच्या रिंगला खुंटा नाहीये. दहातला एक उपघटक वेगळ्या रंगाचा करा. मुलं आपोआप त्याच्यावर नजर ठेवतात आणि फेऱ्या मोजतात. बाकीचे नऊ फिके करा, राखाडी चालेल.

रेणू_पुणे
कृष्णाकाठ सर, हे इतकं सोपं आहे की आता मला सगळीकडे खुंटेच दिसतायत. लगेच एक उपघटक शेंदरी केला. धन्यवाद!

बाझलमधून
सरांच्या खुंट्यावरून एक आठवलं. खऱ्या प्रयोगातही खुंटाच लावावा लागला होता. १९९७ साली जपानमधल्या नोजी, यासुदा, योशिदा आणि किनोसिता यांनी याच उष्णताप्रिय जिवाणूतल्या या विकराचा एफ१ भाग, म्हणजे पटलाबाहेरचं डोकं, काचेवर उलटा चिकटवला आणि मधल्या गॅमा दांड्याला ॲक्टिन या प्रथिनाचा चमकणारा धागा जोडला. रेणू जेमतेम १० नॅनोमीटरचा, धागा काही मायक्रोमीटर लांब. तो धागा सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना दिसला तेव्हा कुठे रोटर फिरतो हे जगाने डोळ्यांनी पाहिलं. बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळालं ते त्याच वर्षी.

पण मला मुख्य बोलायचंय ते वेगाबद्दल. रेणू, तू रोटर एकसारख्या गतीने फिरवलायस. रिंग उलटी दिसण्यापेक्षा मला ही चूक मोठी वाटते.

त्याच गटाने १९९८मध्ये एटीपी अगदी कमी ठेवून पाहिलं, तेव्हा दांडा १२० अंश जाऊन थांबतो, पुन्हा १२० जाऊन थांबतो, हे स्पष्ट दिसलं. २००१मध्ये धाग्याऐवजी ४० नॅनोमीटरचा सोन्याचा मणी लावला, कारण लांब धागा पाण्यात ओढ खातो आणि रोटरला मंद करतो. कॅमेरा सेकंदाला ८,००० फ्रेमचा. मग त्या १२०च्या आतही एक थांबा सापडला. आज आपण तो साधारण ८० आणि ४० असा सांगतो: एटीपी येऊन जोडला जाताना ८०, आणि जलविच्छेदन होऊन (एटीपी पाण्याने मोडून) फॉस्फेट सुटला की उरलेले ४०. हे एटीपी मोडतानाचं. तू तयार होताना दाखवतेयस, म्हणजे क्रम उलट.

म्हणजे दांडा हलतो तो क्षण फार थोडा, मिलिसेकंदापेक्षाही कमी. बाकी वेळ तो थांबलेला असतो आणि रसायन त्या थांब्यात घडतं. गाइडना फॉस्फेट दिसला नाही, कारण तुझ्या क्लिपमध्ये फॉस्फेटसाठी वेळच नाही. एसटी सरळ निघून गेली तर प्रवासी चढणार कुठे? थांबे टाक. ते प्रेक्षकांच्या सोयीसाठी टाकायचे असंही नाही, रेणूच तसा चालतो.

चौकट_चोवीस
मी विज्ञानातला नाही. मुंबईत ॲनिमेशन करतो, गेली काही वर्षं औषध कंपन्यांसाठी असे रेणूही हलवतो. बाझल यांनी सांगितलं ते आमच्या भाषेत 'होल्ड'. शिकाऊ मुलं हालचालीवर रात्रंदिवस राबतात आणि होल्ड विसरतात. बघणाऱ्याला कळतं ते होल्डमध्येच. हालचाल चालू असताना डोळा मागे धावत असतो, तेव्हा डोक्यात काही शिरत नाही.

माझी पद्धत सांगतो. आधी आवाज, मग चित्र. फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायचं, सेमिनारला जसं बोलणार तसंच, वाचून दाखवल्यासारखं नाही. मग ऐकताना प्रत्येक वाक्याला किती सेकंद लागले ते कागदावर लिहायचं. 'इथे एडीपी आणि फॉस्फेट आत येऊन बसतात' या वाक्याला समजा ४ सेकंद लागले, तर त्या जागी ४ सेकंदांचा होल्ड आणि वर अर्धा-एक सेकंद श्वासाचा. फ्रेम नंतर मोजायच्या. बहुतेक लोक उलटं करतात: क्लिप आधी बनवतात आणि स्टेजवर तिच्यामागे धावत बोलतात. दम लागतो तो त्यामुळे.

दुसरं, हालचालीची सुरुवात आणि शेवट मऊ ठेवा. पहिल्या काही फ्रेममध्ये कमी अंश, मध्ये जास्त, शेवटी पुन्हा कमी. दचकून सुटलं की लोक 'काय हललं?' म्हणून शोधत बसतात.

तिसरं, एका वेळी एकच गोष्ट हलवा. कॅमेरा फिरतोय, रिंग फिरतेय आणि वर एटीपी उडतोय, असं एकत्र करू नका. कॅमेऱ्याने आपली जागा घ्यायची, थांबायचं, मग रेणू हलवायचा.

बाझलमधून
तिसऱ्या मुद्द्याला दोनदा अनुमोदन. सूक्ष्मदर्शकीवाले आम्ही सगळेच रचना सतत गरगरवत ठेवतो. खोली कळावी म्हणून थोडं डोलवणं ठीक, पण मग दुसरं काही हलवू नये. निव्वळ रचना दाखवायला पूर्ण फेरी १२ ते १५ सेकंदांत बरी वाटते. ४ सेकंदांत फिरवली तर मागच्या रांगेतल्या माणसाला भोवळ येते.

मऊ सुरुवातीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. दांडा काही लिफ्टसारखा हळूच सुटून हळूच थांबत नाही. तो पाण्याच्या रेणूंचे धक्के खात थरथरत असतो. तुमच्या मऊ हालचालीमुळे तो कुणीतरी मोटर लावल्यासारखा शहाणा वाटतो.

चौकट_चोवीस
मान्य. पण थरथर दाखवली की लोक थरथरच बघतात. एका कामात शास्त्रज्ञांनी आग्रह धरला म्हणून ती घातली, आणि पहिल्या दाखवणीनंतर सगळे प्रश्न थरथरीवर आले, औषध कुठे बसतं यावर एकही नाही.

बाझलमधून
ते प्रश्न आले हे चांगलंच झालं की! खोटी शांतता दाखवून मिळालेलं कौतुक मला नको.

स्फटिकवेडा
दोघंही आपापल्या जागी ठाम राहा, पण रेणूपुढे महिनाच आहे. मी असं करतो: सुरुवातीला १० सेकंदांची एक वेगळी क्लिप, तीत फक्त थरथर. 'प्रत्यक्षात हे असं असतं, पुढे समजावं म्हणून शांत करून दाखवते आहे' एवढं तोंडाने सांगायचं. मग पुढचं मऊ चालतं.

रेणू_पुणे
सगळ्यांचं ऐकून रात्री बसले. आता असं आहे: १२० अंश ४० फ्रेममध्ये, दर फ्रेमला ३ अंश, म्हणजे दीड सेकंदाच्या थोडं वर. मध्ये दोन थांबे मिळून सुमारे सव्वादोन सेकंद. एका एटीपीला ४ सेकंद, फेरीला १२. कायमेरा-एक्समध्ये 'टर्न' ही आज्ञा फक्त रोटरच्या मॉडेलला लावली आणि मध्ये 'वेट' देऊन फ्रेम थांबवल्या.

आता अडचण वेगळी. सी-रिंगसाठी थांबा ३६ अंशांना हवा आणि डोक्यासाठी १२०ला. १२०ला ३६ने भाग जात नाही, ३.३ येतात. मग रिंग कुठे थांबवू?

बाझलमधून
चांगला प्रश्न विचारलास. हा हिशोब तुझा चुकलेला नाही, निसर्गातच तो जुळत नाही. १० प्रोटॉनला ३ एटीपी, म्हणजे एका एटीपीला सरासरी ३.३. गाईत ८ला ३, म्हणजे २.७. खाली रिंग एकेक प्रोटॉन घेत लहान पावलं टाकते, वर डोकं मोठी पावलं मागतं, आणि मधले लवचीक भाग थोडा पीळ साठवून दोघांना सांभाळून घेतात. म्हणून एकाच क्लिपमध्ये दोघांचे थांबे दाखवायला जाऊ नकोस. एक क्लिप रिंगची, जवळून, तीन-चार प्रोटॉनपुरती. दुसरी डोक्याची, तिथे रिंग चौकटीबाहेर. आणि या दोन्हींच्या मध्ये एक स्थिर स्लाइड, तीवर फक्त १० आणि ३ हे आकडे. तिथे थांबून बोल. सेमिनारमधली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे, तिला हलतं चित्र नको.

आणखी एक, वेगाची पाटी लाव. खरा रोटर सेकंदाला १०० फेऱ्यांच्या पुढेही जातो. १०० धरल्या तर तुझी १२ सेकंदांची फेरी १२०० पट हळू आहे. कोपऱ्यात 'सुमारे १२०० पट हळू' एवढं लिहिलंस तरी परीक्षकांना कळतं की तू विचार केलायस.

नॅनोसेकंद
ही चर्चा वाचतोय, माझाही प्रश्न जोडतो. माझं काम गणनेचं, मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे रेणू कसा हलतो ते संगणकावर काढणं. १०० नॅनोसेकंदांची ट्रॅजेक्टरी (त्या हालचालीची नोंद) आहे, दर १० पिकोसेकंदांना एक फ्रेम साठवलीय, म्हणजे १०,००० फ्रेम. सेकंदाला २५ने लावलं तर ६ मिनिटं ४० सेकंद. बोलायला मिळतात १२ मिनिटं. दर दहावी फ्रेम घेतली तर ४० सेकंद होतात, पण मग प्रथिन ताप भरल्यासारखं थडथडतं आणि मला दाखवायचा तो लूप (प्रथिनाचा लवचीक भाग) हळूहळू बंद होतो हे दिसतच नाही.

स्फटिकवेडा
आधी प्रथिन जागेवर बसवलंस का? ग्रोमॅक्स या गणनेच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रिजेकॉन्व्ह' या आज्ञेने फिट करून फिरणं-सरकणं काढून टाक. पुष्कळदा निम्मी थडथड तिथेच जाते. फिट करताना लूप वगळ, न हलणाऱ्या गाभ्यावर बसव.

मग व्हीएमडी या चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंगची (हालचाल गुळगुळीत करायची) खिडकी ३ ते ५ फ्रेमची दे. पण एक सांभाळ: ते शेजारच्या फ्रेममधल्या जागांची सरासरी काढतं. मिथाइल गट फिरत असतो, त्याचे तीन हायड्रोजन सरासरीत मध्यावर गोळा होतात आणि गट चिमटल्यासारखा दिसतो. पाण्याचे रेणूही आक्रसतात. म्हणून स्मूदिंग फक्त फितीच्या चित्राला दे. लिगँड (प्रथिनाला चिकटलेला छोटा रेणू) आणि पाणी काड्यांनी दाखवणार असशील तर त्यांना देऊ नकोस. त्या क्लिपवरून बंधलांबी तर मुळीच मोजू नकोस.

आणि पूर्ण १०० नॅनोसेकंद दाखवायची गरज आहे का? लूप ज्या वेळात मिटतो तेवढे नॅनोसेकंद निवड, बाजूला अंतराचा आलेख ठेव, आलेखावर एक टिंब सरकू दे. बाकीची ९० नॅनोसेकंदं आलेख सांगतो.

नॅनोसेकंद
आलेखावरचं टिंब फार आवडलं. वेगाच्या पाटीचा हिशोब माझ्यासाठी केला: ४० सेकंदांत १०० नॅनोसेकंद म्हणजे ४० कोटी पट हळू. याच चालीने एक सेकंद दाखवायचा तर साडेबारा वर्षांहून जास्त लागतील. हे वाक्य मी बोलणार आहे.

कृष्णाकाठ
हे वाक्य उद्या मी वर्गातही बोलणार, तुमची परवानगी आहे असं समजतो. मुलांना 'जलद' या शब्दाने काही होत नाही, साडेबारा वर्षांनी होतं.

वर्गातला अनुभव म्हणून सांगतो, सगळ्यात जास्त उपयोग होतो तो थांबवण्याच्या बटणाचा. व्हिडिओ सलग दाखवला तर मुलं 'छान होतं' म्हणतात आणि विचारलं की गप्प. थांबवत, प्रश्न विचारत नेला की बोलतात.

बाझलमधून
सर, यावर चाचण्याही झाल्यात. मेयर आणि चँडलर यांचं २००१चं काम. वीज कशी पडते हे सांगणारं, निवेदन असलेलं सुमारे १४० सेकंदांचं ॲनिमेशन. एका गटाला सलग दाखवलं, दुसऱ्याला १६ तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यानंतर पुढे जायचं बटण विद्यार्थ्याच्या हातात. तुकड्यांत पाहणाऱ्यांना ते समजून जास्त चांगलं वापरता आलं. माहिती तीच, आवाज तोच. फक्त दोन तुकड्यांमध्ये जिरवायला वेळ मिळाला.

रेणू_पुणे
मग मी सेमिनारला सलग क्लिप ठेवूच नये का? बटण माझ्या हातात कसं आणू? तालमीत माउसने थांबवायला गेले तर स्लाइडच पुढे गेली.

चौकट_चोवीस
दोन रस्ते आहेत.

पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओवर बुकमार्क टाकता येतात. प्रत्येक थांब्यावर एक टाक. स्लाइड शो चालू असताना ऑल्ट आणि पी दाबलं की व्हिडिओ थांबतो-चालू होतो, ऑल्ट आणि एंडने पुढच्या बुकमार्कवर उडी मारता येते. माउसला हातच लावायचा नाही.

पण परक्या हॉलमध्ये, परक्या लॅपटॉपवर मी यावर विसंबत नाही. मी तुकडे करतो. प्रत्येक हालचाल स्वतंत्र क्लिप, स्वतंत्र स्लाइडवर, आपोआप सुरू होणारी, आणि शेवटच्या फ्रेमवर थांबून राहणारी. पुढच्या क्लिपची पहिली फ्रेम हीच आधीच्या क्लिपची शेवटची. मग स्लाइड बदललेली कुणाला कळतही नाही आणि क्लिकरचं एकच बटण पुरतं. तुझ्या बोलण्याला ४ सेकंद लागोत की १४, चित्र वाट बघतं. आवाज मोजून होल्ड बनवायची गरज अशा वेळी फक्त तुकड्याच्या आतल्या थांब्यांपुरती उरते.

संपली की आपोआप पुन्हा सुरू होणारी क्लिप मात्र टाळ. एटीपी पुन्हा पुन्हा मोडून जोडताना दिसतो आणि शेवटाकडून सुरुवातीकडे मारलेली उडी लोकांना रेणूचीच हालचाल वाटते.

दूरचा_परीक्षक
एक विनंती परीक्षकाच्या बाजूने. हल्ली आम्ही अनेकदा ऑनलाइन असतो. स्क्रीन शेअरवर तुमचा सुरेख व्हिडिओ आमच्याकडे सेकंदाला चार-पाच फ्रेमने पोचतो. झूममध्ये शेअर करताना व्हिडिओ क्लिपसाठीचा पर्याय असतो, तो निवडा. तरीही वेगवान फिरणं टाळाच, कारण मधल्या फ्रेम गळल्या की तीच उलट्या रिंगची गोष्ट पुन्हा होते. ३ अंशांची चाल पाच फ्रेमपैकी एकच पोचली तर १५ अंशांची होते. आणि थांबलेलं चित्र कितीही वाईट जोडणीवर स्वच्छ पोचतं.

रेणू_पुणे
हे डोक्यातच आलं नव्हतं! १५ म्हणजे १८च्या अगदी काठावर. माझे बाहेरचे परीक्षक ऑनलाइनच आहेत. रिंगच्या क्लिपमध्ये दर फ्रेमला १.५ अंश करते. आणि शेंदरी उपघटक आहेच.

शेवटचा एक प्रश्न. डोक्यातला भाग मी तीन अवस्थांमध्ये मॉर्फ केला, म्हणजे एकीतून दुसरीत हळूहळू बदलवला, क्रायो-ईएममधून (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीतून) आलेल्या तिन्ही रचना घेऊन. एका ठिकाणी गॅमा दांडा मध्येच बारीक होतो आणि पुन्हा जाड. असं का?

स्फटिकवेडा
सरळ रेषेतला मॉर्फ वापरलायस. अणू वर्तुळावरून जायच्या ऐवजी दोन टोकांमधल्या जीवेवरून जातात. १२० अंशांत मधोमध अक्षापासूनचं अंतर बरोबर निम्मं होतं, म्हणून दांडा आक्रसतो. कायमेरा-एक्सचा मूळ पर्याय 'कॉर्कस्क्रू' आहे, तो भाग वळवत नेतो. तू मुद्दाम 'लिनियर' दिलं असशील, ते काढ. त्याहून बरं म्हणजे रोटर आणि डोकं वेगळे करून रोटर 'टर्न'नेच फिरव आणि फक्त बीटा उपघटकांना (डोक्यातले एटीपी बनवणारे) मॉर्फ कर.

आणि अवस्थांचा क्रम बघ. १ वरून चुकून ३ वर गेलीस तर पुढून २४० अंश आहेत, मागून १२०. सॉफ्टवेअर जवळचा रस्ता घेतं, म्हणजे खरोखरच उलटं फिरेल, आणि तेव्हा शेंदरी उपघटक तुला उलटंच दाखवेल.

रेणू_पुणे
बघितलं. क्रम १, ३, २ होता! फाइलींच्या नावांच्या क्रमाने उघडल्या होत्या. म्हणजे रिंग नुसती उलटी दिसत होती, पण डोकं खरंच उलटं चाललं होतं. बदलून पुन्हा रेंडरला लावलंय. सकाळपर्यंत होईल. उद्या दुपारी तालीम आहे, यावेळी क्लिकर माझ्या हातात असेल.

कृष्णाकाठ
तयार झाली की रिंगची क्लिप इथे टाकाल का? खुंट्यासकट. आमच्या वर्गात लावेन.